उलटी धरलेली लेन्स

उज्वला बस्ते दिंडोरीहून आल्या तेव्हा दुकान उघडून अर्धा तासही झाला नव्हता. त्यांनी काउंटरवर द्राक्षाची पाच किलोची पुठ्ठ्याची पेटी दोन्ही हातांनी हळूच ठेवली आणि माझ्याकडे न बघता चंदरशेठना विचारलं, “शेठ, सत्तर-दोनशे अजून हाय ना?”

होती. लांबचं जवळ आणणारी ती मोठी लेन्स, काचेच्या कपाटात वरच्या फळीवर, पांढऱ्या चिठ्ठीसकट. ए ग्रेड, सत्तर हजार. चिठ्ठीवरचं अक्षर माझं होतं.

आमचं दुकान कॅनडा कॉर्नरला पहिल्या मजल्यावर आहे. खाली बॅटरीवाला, शेजारी इंग्रजी बोलायला शिकवणारा क्लास. जुने कॅमेरे आणि लेन्स घ्यायच्या, दुरुस्त करायच्या, विकायच्या. चंदरशेठ तीस वर्षं कॅमेरे उघडतायत. मी फिजिक्समध्ये बी.एस्सी. करून दोन महिन्यांसाठी म्हणून आले, त्याला आता दोन वर्षं झाली. मी आल्यावर दुकानात एक नियम ठरला. लेन्सचा दर्जा मी लावायचा, त्या दर्जावरून भाव ते काढणार, आणि दुसऱ्याच्या कामात कोणी तोंड घालायचं नाही. ए म्हणजे नव्यासारखी. बी म्हणजे दोष आहे, पण फोटोत सहसा दिसत नाही. सी म्हणजे दिसतो. डी म्हणजे खोलून सुटे भाग काढायचे. गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असलं तरी चिठ्ठीवरचं अक्षर बदलल्याशिवाय भाव बदलत नाही.

“रविवारी ओझरला लग्न हाय,” उज्वलाताई सांगत होत्या. “माझ्या एकटीच्या नावावरची पहिली ऑर्डर. आतापर्यंत दुसऱ्याच्या हाताखाली केलं. आता नवऱ्याकडच्यांनी व्हिडिओवाले नाशिकचे आणलेत. स्टेजपुढं त्यांची क्रेन, त्यांचे लाईट, त्यांची चार माणसं. मला म्हणतात, तुम्ही मागून काढा. मागून माझ्या पंच्याऐंशीच्या लेन्सनं काय व्हिडिओवाल्यांच्या पाठी काढू?”

“रविवारपुरती भाड्याने न्या की,” चंदरशेठ म्हणाले.

“पाच जणांना विचारलं. तीथ दाट हाय. सगळ्या बाहेर.”

त्यांचा हिशेब सरळ होता. दोन लेन्स द्यायच्या, एक पंच्याऐंशी आणि एक चोवीस-सत्तर. वर वीस हजार रोख. आणि सत्तर-दोनशे घेऊन जायची. जवळच्या फोटोंसाठी कॅमेऱ्याबरोबर आलेली साधी लेन्स होती, तिच्यावर भागणार होतं.

चंदरशेठनी पेटीतून पहिली डबी काढली, पंच्याऐंशी बाहेर घेतली आणि मागून बॅटरी मारली. मीही वाकले. पुढची काच सकाळच्या धुक्यासारखी पांढुरकी होती.

“बुरशी,” चंदरशेठ म्हणाले. दुसरी लेन्स पाहिली. “हिलाही. आतपर्यंत गेलीय.” लेन्स खाली ठेवून ते थोड्या हळू आवाजात म्हणाले, “ताई, दोन्हीचे मिळून सात हजार. तेही तुम्ही आहात म्हणून.”

उज्वलाताईंचा चेहरा फारसा बदलला नाही. त्यांनी फक्त पेटी स्वतःकडे ओढली.

“बुरशी नाय येऊ शकत,” त्या म्हणाल्या.

“पावसाळाभर डबीत बंद होत्या ना?”

“होत्या. पण मी पेपर टाकला होता.”

“कसला पेपर?”

“ग्रेपगार्ड. द्राक्षाच्या पेटीत वरून टाकतो तो. तो टाकला का माल पन्नास दिवस समुद्रातून जातो, एका मण्याला बुरशी धरत नाय. मी सात सीझन पॅकहाऊसला होते शेठ, मला बुरशीचं नका सांगू.” त्यांनी डबीच्या तळातून कागदी पाकिटासारखा चपटा तुकडा काढून दाखवला. “अख्खा बसत नव्हता, म्हणून कात्रीनं अर्धा-अर्धा केला. एक हिच्यात, एक तिच्यात.”

चंदरशेठ हसू आवरत होते. “लेन्सला द्राक्षाचा पेपर. अजून पेटीत भरून लंडनला पाठवली नाहीत हे नशीब.”

“हसा तुम्ही. तिकडं पाठवलेली द्राक्षं तरी चांगली पोचायची.”

मी हसले नाही, कारण मी डबी नाकाशी धरली होती. आगपेटीची काडी ओढल्यावर येतो तसा वास. आमचा मखमलाबादला भाजीचा मळा आहे. वेलांवर भुरी आली की वडील गंधक धुरळतात, त्यामुळे गंधकाच्या नातलगांचे वास मला लहानपणापासून ओळखीचे आहेत. ग्रेपगार्डमध्ये एक गंधकयुक्त मीठ असतं. पेटीतला ओलावा लागला की त्यातून वायू सुटतो आणि बुरशी मरते. म्हणजे उज्वलाताई बुरशीबद्दल बरोबर बोलत होत्या. मग काचेवर पांढरं होतं ते काय?

“शेठ, जरा माझ्याकडे द्या,” मी म्हणाले.

बुरशी वाढते तेव्हा तिचे तंतू फुटतात. बहुतेक वेळा काचेच्या कडेकडून निघतात, फांद्या फुटतात, कोळ्याच्या जाळ्यासारख्या. मी दहापट मोठं दाखवणारं भिंग लावलं. एकही तंतू नव्हता. साखर सांडून ओलसर फडक्याने पुसल्यावर टेबलावर राहतो तसा खडबडीत, सगळीकडे सारखा थर होता.

“ही बुरशी नाही.”

“मग धुकं,” चंदरशेठ म्हणाले. आमच्यात तेलाच्या वाफेने येणाऱ्या पांढुरकेपणाला तोच शब्द आहे. “पुसून बघू.” त्यांनी टिश्यूवर अल्कोहोलचे दोन थेंब टाकले आणि काचेच्या कडेचा नखाएवढा भाग पुसला. थर होता तिथेच राहिला. त्यांनी दुसरा टिश्यू घेतला. तरी तेच. मग त्यांनी लेन्स खाली ठेवली. “कोटिंग खाल्लंय ह्या गंधकाने. ताई, आता ही काचच गेली.”

उज्वलाताई खिडकीतून खालच्या रिक्षांकडे बघत राहिल्या.

मला घाई करायची नव्हती, पण चंदरशेठ चुकत होते हे मला तेव्हाच दिसलं होतं. लेन्सच्या काचेवर कोटिंग असतं म्हणून तिच्यात दिव्याचं प्रतिबिंब जांभळट किंवा हिरवट दिसतं. कोटिंग गेलेल्या काचेत ट्यूबलाइट पांढरीच दिसते, साध्या खिडकीच्या काचेत दिसते तशी. मी लेन्स तिरकी धरून ट्यूबलाइटखाली फिरवली. थराखालून जांभळी रेघ सरकली. फिकट होती, पण तुटलेली नव्हती.

“कोटिंग आहे,” मी म्हणाले. “वर नुसतं मीठ बसलंय. ताईंनी पाकीट कापलं, त्यातली पूड सांडली. पावसाळ्यात ओलावा धरून ती पसरली आणि मग वाळली. मीठ अल्कोहोलमध्ये विरघळत नाही शेठ. पाण्यात विरघळतं.”

“लेन्सला पाणी?” चंदरशेठनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी ती पिंपात बुडवायला निघाले होते.

“डिस्टिल्ड. खाली बॅटरीवाल्याकडे आहे.”

“आणि तुझं चुकलं तर? लेन्स माझी नाही, तुझी नाही.”

हे खरं होतं. मी उज्वलाताईंकडे वळले आणि जे माहीत होतं तेवढंच सांगितलं. थर मिठाचा आहे याची मला खात्री आहे. त्याखालचं कोटिंग शाबूत दिसतंय, पण सगळीकडे शाबूत आहे का, ते थर निघाल्यावरच कळेल. थरातले कण टोकदार आहेत, म्हणून जोराने पुसलं तर ओरखडे पडतील आणि मग सात हजारही मिळणार नाहीत.

“कोण पुसणार?”

“मी.”

“तुमचा हात दाखवा.”

मी हात पुढे केला. त्यांनी माझा अंगठा आणि तर्जनी दाबून बघितली, मटार निवडताना बघतात तशी. “नको. तुम्ही दाबून धरता. मी करते.”

चंदरशेठ म्हणाले, “ताई, हे सोपं नाही.”

“द्राक्षाच्या मण्यावर पांढरी लव असते. बोट लागलं का निघते, आणि लव निघालेला घड निर्यातीतून बाहेर. सात वर्षं घड हाताळले, शेठ. लव जाऊ द्यायची नाय हेच काम होतं. आता उलटं करायचं.”

मी खालून पाण्याची बाटली आणली. पण पुसण्याआधी एक काम राहिलं होतं. दोन्ही लेन्स आळीपाळीने कॅमेऱ्याला लावून मी खिडकीसमोर ठेवलेल्या काळ्या खोक्याचे फोटो काढले. मागे उजेड, पुढे काळं. थर असलेल्या लेन्समध्ये उजेड विखुरतो आणि काळं राखाडी होतं. किती राखाडी, ते आकड्यात मोजता येतं. आधीचा आकडा नसेल तर नंतरच्या आकड्याला काही अर्थ नाही, ही माझी जुनी सवय.

उज्वलाताईंनी कापूस पाण्यात बुडवला, पिळला, परत थोडा भिजवला. मग काचेवर टेकवला आणि तसाच धरला. घासला नाही. दहापर्यंत मोजून उचलला. नवा कापूस, नवी जागा. प्रत्येक बोळा एकदाच. शेजारच्या क्लासमधून एकसुरात इंग्रजी वाक्यं म्हटल्याचा आवाज येत होता. नवव्या बोळ्याला काचेचा मधला भाग काळाभोर आणि स्वच्छ झाला. त्यात ट्यूबलाइट जांभळी दिसली.

“आयला,” चंदरशेठ म्हणाले, आणि स्वतःची खुर्ची पुढे ओढून बसले.

पंच्याऐंशीची लेन्स वीस मिनिटांत साफ झाली. ती झूम नसल्यामुळे आत हवा फारशी खेचत नाही, थर फक्त पुढच्या आणि मागच्या काचेवर होता. चोवीस-सत्तरचं तसं नव्हतं. झूम फिरवलं की ती भात्यासारखी हवा ओढते, त्यामुळे पूड आत गेली होती. ती चंदरशेठनी उघडली. त्यांनी मागची रिंग काढली, काचेचा एक गट बाहेर घेतला आणि उज्वलाताईंच्या पुढ्यात ठेवला. कापसाचे बोळे आता तेच करून देत होते.

“पॅकहाऊस सोडून ह्यात कशा आलात?” त्यांनी विचारलं.

“तिथंच लागले. माल भरला का गिऱ्हाइकाला फोटो पाठवावा लागतो. प्रत्येक लॉटचा, मणी मोजता येतील असा. सुपरवायझरचे फोटो हलायचे. मला म्हणाले तू काढ. मग तिकडून मेल आली, फोटो कोणी काढले म्हणून.” त्या वर बघत नव्हत्या. “पगार वाढवला नाय. मग म्हटलं, द्राक्षांचेच का काढायचे.”

बारा वाजेपर्यंत दोन्ही लेन्स जोडून झाल्या. मी परत काळ्या खोक्याचे फोटो काढले. पंच्याऐंशीचं काळं पूर्वी राखाडी होतं ते आता आमच्या दुकानातल्या ए ग्रेडच्या पंच्याऐंशीइतकं काळं आलं. भिंतीवर चिकटवलेल्या वर्तमानपत्राचा फोटो काढला, चारही कोपऱ्यांतल्या छोट्या जाहिराती वाचता आल्या. चोवीस-सत्तरचंही काळं जवळजवळ पूर्ण परतलं होतं. पण तिच्यात आणखी एक गोष्ट होती. आतली पितळेची रिंग काळपट पडली होती, आणि झूम फिरवताना एका ठिकाणी बोटाला किंचित अडखळल्यासारखं लागत होतं. फोटोत त्याचा पत्ता नव्हता. पुढे वर्षा-दोन वर्षांत तिथे झूम जड होणार, हे मात्र नक्की होतं.

चंदरशेठना ते माझ्याआधी कळलं असणार. ते गप्प बसले, कारण दर्जा लावायचं काम माझं होतं.

मी चिठ्ठ्या लिहिल्या. पंच्याऐंशी, बी. फोटोत ए ग्रेडला तोडीस तोड, पण मागच्या काचेच्या कडेला अल्कोहोलने न निघालेला, पाण्यानेही न निघालेला एक डाग राहिला होता. चोवीस-सत्तर, बी. रिंगेबद्दल खाली एक ओळ.

“ती ओळ लिहायची गरज हाय का?” उज्वलाताईंनी विचारलं.

“जो घेईल त्याला सांगावं लागेल.”

त्यांनी होकारार्थी मान हलवली. चंदरशेठनी आकडे सांगितले, सतरा आणि चोवीस. वर त्यांचे वीस. एकसष्ट. कपाटातली चिठ्ठी सत्तर म्हणत होती.

“नऊ कमी पडतात,” चंदरशेठ म्हणाले. आवाजात खंत होती, पण तो नियम त्यांनीच केला होता. “हप्त्याचं मी करत नाही ताई, तुम्हाला माहितीये. एकाला दिला की सगळे मागतात.”

“मी हप्ता मागितलाय का?” उज्वलाताई उठल्या. “ती काढा. माझ्या दोन्हींची तुम्ही नाडी बघितली, आता तुमचीची मला बघू द्या.”

मी सत्तर-दोनशे काढून दिली. मला काही भीती नव्हती. तीन आठवड्यांपूर्वी मी तिच्यावर दीड तास घालवला होता. काच स्वच्छ, कोटिंग अखंड, ट्रायपॉडवर ठेवून भिंतीवरच्या वर्तमानपत्राचे चाळीस फोटो, चारही कोपरे सारखे. उज्वलाताईंनी बॅटरी मागून मारली, माझ्यासारखीच तिरकी धरून प्रतिबिंब पाहिलं. एकदा बघून त्यांना जमलं होतं. मग त्यांनी लेन्सला कॅमेरा लावला आणि माझ्या भिंतीकडे पाठ करून इकडे तिकडे बघितलं.

“तो भिंतीवरचा पेपर काढून खाली टाका.”

“फरशीवर?”

“हा. सरळ खाली बघून काढते.”

“त्याने काय होणार?” चंदरशेठनी विचारलं. “काच तीच आहे.”

“घड वरून बघितला तर सगळे घड चांगलेच दिसतात. देठाला धरून उलटा करायचा, मग खालचे सडके मणी कळतात. नवी बाई आली का पहिल्या दिवशी हीच चूक करती.”

मी वर्तमानपत्र काढून फरशीवर पसरलं आणि चारही कोपऱ्यांवर कापसाची पाकिटं ठेवली. उज्वलाताई स्टुलावर चढल्या, लेन्स सरळ खाली धरली आणि पाच फोटो काढले. मी ते कॉम्प्युटरवर घेतले. डावीकडचे दोन्ही कोपरे वाचता येत होते. उजवीकडचं वरचं टोक वाचता येत नव्हतं. अक्षरं सरकल्यासारखी, पुसट.

हात हलला असेल, असं मला वाटलं. मी कॅमेरा ट्रायपॉडच्या आडव्या दांड्यावर खाली तोंड करून बसवला आणि स्वतः फोटो काढले. तोच कोपरा. मग कॅमेऱ्यासकट लेन्स अर्धी फिरवून काढले. पुसटपणा कागदाच्या समोरच्या कोपऱ्यात गेला. म्हणजे दोष लेन्समध्येच होता. आतला एक काचेचा गट सैल होता. लेन्स आडवी असताना तो जागेवर राहत होता आणि खाली तोंड केलं की स्वतःच्या वजनाने कलत होता. चाळीस फोटो मी काढले होते, सगळे आडवे. भिंत माझ्यासमोर होती म्हणून मी भिंतच तपासत राहिले.

चंदरशेठनी लेन्स कानाशी धरून हलवली. “काचेच्या गटाला धरणारे नायलॉनचे रोलर झिजलेत. मुंबईहून मागवावे लागतील. आठ दिवस.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “बोला, शास्त्रज्ञबाई.”

चुकीची चिठ्ठी फाडणं मला अवघड गेलं नाही. चूक सापडली नसती तर ती अवघड गोष्ट झाली असती. मी नवी चिठ्ठी लिहिण्याआधी एक तपासणी केली, कारण ती लेन्स उज्वलाताईंना रविवारीच वापरायची होती. गॅलरीतून मी खालच्या रिक्षा स्टँडचे फोटो काढले. आधी थोडं खाली बघून, मग जास्त, मग आणखी. साधारण पंचेचाळीस अंशांपर्यंत रिक्षांचे सगळे नंबर चारही कोपऱ्यांत स्पष्ट होते. त्याच्या पुढे कोपरा सुटत होता.

“लग्नाच्या लॉन्सवर कुठून काढणार?”

“मागच्या बाजूला बायकांच्या बसायच्या पायऱ्या हायेत. तिथून. फार तर डोक्यावरून थोडं खाली.”

“मग लग्नात दोष दिसणार नाही. ताटातल्या जेवणाचे वरून फोटो काढायचे असतील तर साधी लेन्स लावा.”

“जेवणाचे कोण काढतंय. मी जेवणार.”

चिठ्ठीवर मी बी लिहिलं. चंदरशेठनी कपाटाच्या दारात लावलेल्या त्यांच्या तक्त्यावर बोट फिरवलं, जणू काही त्यांना आकडा पाठ नव्हता. “साठ.”

उज्वलाताईंनी लेन्सचं झाकण लावलं, परत काढलं, पुढची काच एकदा बघितली. मग पाकिटातून रबर लावलेले पैसे काढून काउंटरवर ठेवले.

“हजार परत येतात,” चंदरशेठ म्हणाले.

“राहू द्या. लग्न झालं का सोमवारी आणते, रोलर तेवढे बसवा.”

“रोलर बसवले की ती ए होते. माझ्याकडून बीच्या भावात नेऊन ए करून घेणार?”

“तुम्ही पण तर सात हजारात दोन बी घेणार होता.”

चंदरशेठनी हजार रुपये गल्ल्यात टाकले आणि पावतीवर रोलरचं लिहून दिलं. मी उज्वलाताईंना एक हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या चार पुड्या दिल्या, निळ्या रंगाच्या, ओलावा धरला की गुलाबी होणाऱ्या. कापू नका, असं सांगायला तोंड उघडलं, तर त्याच म्हणाल्या, “कापत नाय, मॅडम.” दिंडोरीची एसटी सापडावी म्हणून त्या जिना भरभर उतरल्या. रिकामी पेटी काउंटरवरच राहिली.

नंतर मी दाराला आतून कडी लावली आणि फरशीवर वर्तमानपत्र नीट ताणून चिकटपट्टीने बसवलं. कपाटात एची चिठ्ठी असलेल्या आणखी अकरा लेन्स होत्या. चंदरशेठ एकेक काढून देत होते, मी खाली तोंड करून फोटो काढत होते. नऊ तशाच राहिल्या. दोन बी झाल्या. त्यातली एक त्यांनी स्वतः घरी न्यायची म्हणून राखून ठेवली होती, तिची चिठ्ठी त्यांनी माझ्या हातून घेऊन स्वतःच फाडली.